राखणीचा वाटा

मुंबईहून गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ कणकवली, कसाल, कुडाळ आणि झाराप ही ठिकाणे मागे टाकीत बांद्याच्या बाजूस येतो आणि पत्रादेवीपाशी गोव्याच्या हद्दीत शिरतो. पूर्वेच्या अंगास करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली आणि तिलारी या घाटवाटा कोल्हापूर व बेळगाव या दोन मुलखांकडे चढून जातात. आणि पश्चिमेस समुद्र आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा निघालेला हा सिंधुदुर्ग जिल्हा नकाशावर जितका निवांत दिसतो तितकाच तो वाटांनी वेढलेला आहे. मालवणच्या बाजारपेठेतून पहाटे नाहीशी झालेली मोटारसायकल, तिच्या धन्याची फिर्याद ठाण्यात लिहून पुरी होते न होते तोच, दुसऱ्या राज्याच्या हद्दीत पोचलेली असू शकते; आणि हद्द ओलांडली की तपासाची गती निम्म्यावर येते, कारण तेथून पुढे पोलीस पोलिसाला पत्र लिहितो, दप्तर दप्तराची वाट पाहते, आणि चोर मात्र कोणाचीच वाट पाहत नाही.

१९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाल्यापासून, आणि विशेषतः तारकर्ली, देवबाग, दांडी, चिवला या किनाऱ्यांवर समुद्राखाली डुबक्या मारण्याचा व्यवसाय रुजल्यापासून, या भागातील दुचाकी ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. पर्यटकांना होडीतून नेणारा तरुण, पहाटे बंदरावर मासळीच्या लिलावास जाणारी बाई आणि तिला नेऊन सोडणारा मुलगा, खाणावळीसाठी नारळ आणि भाजी आणणारा मालक, गावोगाव फिरणारा पोस्टमन, या सर्वांची उपजीविका त्या दोन चाकांवर उभी आहे. मुंबईस जाणारा चाकरमानी कुडाळ किंवा कणकवलीच्या स्थानकाबाहेर गाडी लावून रेल्वेत बसतो आणि चार दिवसांनी परततो. मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडी देवीची यात्रा भरते तेव्हा कापणी झालेल्या मळ्यांत हजारो गाड्या ओळीने उभ्या असतात. देवगडच्या कुणकेश्वरास महाशिवरात्रीला तेच दृश्य दिसते. एवढ्या मोठ्या समुदायात कोणाची गाडी कोण बाहेर काढीत आहे हे ओळखणे कोणाही शिपायाच्या आवाक्यातले नाही.

गाडी गेल्यावर काय होते, हे मालवण, कट्टा आणि कुडाळ या बाजूस चार माणसांत बसून विचारले असता उत्तर बहुधा एकच मिळते: "गाडी गेली ती गेली, आता खय गावतली?" या वाक्यात जी शांतता आहे ती समाधानाची नाही. ती अनुभवाने आलेली निराशा आहे, आणि तिचे कारण विम्याच्या कागदात दडलेले आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ अन्वये जो विमा सक्तीचा आहे तो तिऱ्हाइताचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्यास इजा झाली तर त्याची भरपाई करण्याचा. आपली गाडी चोरीस गेली तर त्या विम्यातून छदामही मिळत नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीस पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीस तीन वर्षांचा तिऱ्हाइती विमा एकदम घ्यावा लागतो, आणि अनेक दुचाकीधारक, पहिल्या वर्षाचा सर्वसमावेशक विमा संपला की, पाच वर्षांचा कागद हाती आहे या समजुतीने निश्चिंत राहतात. चोरी झाल्यावर एजंटाकडे धाव घेतल्यानंतरच त्यांना कळते की हाती असलेला कागद खरा असला तरी या प्रसंगी निरुपयोगी आहे.

ज्याने सर्वसमावेशक विमा घेतला आहे त्याचीही वाट सोपी नसते. फिर्याद दाखल करणे, कंपनीस तत्काळ वर्दी देणे, दोन्ही किल्ल्या हजर करणे, परिवहन कार्यालयास कळवणे, आणि मग पोलिसांनी तपास थकल्याचा 'अ समरी' अहवाल न्यायालयास सादर करून तो मंजूर होईपर्यंत महिनोन् महिने थांबणे, असा हा क्रम आहे. दाव्याची रक्कम ठरते ती घोषित मूल्यावर, आणि ते मूल्य वयाबरोबर उतरत जाते: सहा महिन्यांच्या आतील गाडीस ५ टक्के घट, तीन ते चार वर्षांच्या गाडीस ४० टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीस ५० टक्के. वर्दी देण्यास चार दिवस उशीर झाला एवढ्या कारणावरून दावे फेटाळले जात असत. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुरशिंदर सिंग यांच्या प्रकरणात, पोलिसांना तातडीने कळवले असेल तर केवळ कंपनीस उशिरा कळवल्यामुळे दावा नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला, तेव्हा कोठे या वहिवाटीस आळा बसला. हा निर्णय न्याय्य होता यात शंका नाही. परंतु न्यायालय भरपाई देववू शकते, गाडी परत आणू शकत नाही, आणि पुढच्या माणसाची गाडी चोरीस जाण्याचे टाळू तर मुळीच शकत नाही.

टाळण्याचा खर्च आज कोण करतो, हा या लेखाचा प्रश्न आहे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांस उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसवण्याचा हुकूम निघाला, तेव्हा दुचाकीच्या धन्याने ४५० रुपये आणि चारचाकीच्या धन्याने ७४५ रुपये, शिवाय त्यावरील कर, स्वतःच्या खिशातून द्यावेत असे ठरले. सहजी न निघणारी, सांकेतिक क्रमांक कोरलेली आणि नोंदपुस्तकाशी जुळवता येणारी ही पट्टी चोरीस प्रतिबंध करणारी चांगली योजना आहे आणि तिचा पुरस्कारच केला पाहिजे. परंतु तिचा भार पडला तो ज्याची गाडी चोरीस जाते त्याच्यावर. आणि त्या पट्टीमुळे जिच्यावरील दावे कमी होणार, त्या विमा कंपनीवर काहीही पडला नाही. विमा व्यवसायाने आपल्या बाजूने एवढेच केले होते की, पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने मान्य केलेले चोरीरोधक उपकरण बसवल्यास गाडीच्या स्वतःच्या विम्याच्या हप्त्यात अडीच टक्क्यांची, आणि तीही ५०० रुपयांच्या मर्यादेत, सूट द्यावी असे २००२ च्या दरपत्रकात नमूद केले. चाळीस हजारांच्या जुन्या दुचाकीवर ही सूट किती रुपयांची होईल हे वाचकाने स्वतः मांडून पाहावे, म्हणजे एवढ्या मोबदल्यासाठी हजारो रुपयांचे उपकरण कोण विकत घेईल हा प्रश्न आपोआप निकालात निघेल.

कोणी म्हणेल की कंपन्या आपण होऊनच चोऱ्या कमी करण्यासाठी पैसा का खर्च करीत नाहीत? त्याचे उत्तर त्यांच्या दुष्टपणात शोधण्याचे कारण नाही. ते व्यवहारात आहे. एका कंपनीने सिंधुदुर्गात चोरांची टोळी पकडण्यासाठी पैसे दिले तर त्या टोळीच्या अटकेचा लाभ तिच्या सर्व प्रतिस्पर्ध्यांनाही तितकाच होतो, आणि खर्च मात्र तिच्या एकटीच्या खाती पडतो. आमच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते तेव्हा माणसांचे वाटे पडतात, आणि त्याबरोबर होडीचा आणि जाळ्याचाही वाटा काढला जातो. कारण जाळ्याचा लाभ सर्वांना मिळतो, आणि ते सांधण्याचा भार एकाच्याच माथी टाकला तर उद्या जाळेच उरणार नाही हे रापणकरी पिढ्यान् पिढ्या जाणून आहेत. विम्याच्या धंद्यात असा वाटा आपोआप निघत नाही. तो कायद्यानेच काढावा लागतो.

ही कल्पना परकीय आहे असे मानण्याचे कारण नाही. पेशव्यांचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेल्यानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८१९ साली जो प्रसिद्ध अहवाल लिहिला, त्यात देशावरच्या गावांतील राखणीची वहिवाट वर्णिली आहे. गावात चोरी झाली की राखणदाराने माग काढावा, तो शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन त्या गावाच्या हवाली करावा, आणि माग निघाला नाही वा शिवेबाहेर नेता आला नाही तर चोरीचा ऐवज राखणदाराने, आणि त्याच्याकडून न निघाल्यास गावाने, भरून द्यावा. या व्यवस्थेत पुष्कळ जुलूम होता. गरीब राखणदाराकडून श्रीमंताचा ऐवज वसूल होणे अशक्य असे, आणि निरपराध गावावर बोजा पडे. तथापि तिच्या मुळाशी जो विचार होता तो असा की ज्याच्यावर तोटा भरण्याची जबाबदारी आहे त्याच्या हाती राखणीचे साधनही असावे, आणि ज्याच्या हाती राखण आहे त्याला तोट्याची झळ लागावी. आज तोटा भरते विमा कंपनी, राखण करतो पोलीस, आणि दोघांमध्ये जमाखर्चाचा कोणताही धागा नाही.

तोच धागा इंग्लंडात एकदा जुळला होता. लंडनमधील अग्निविमा कंपन्या आपापल्या आगवाल्यांच्या टोळ्या पाळीत; १८३३ मध्ये त्यांतील दहा कंपन्यांनी त्या एकत्र करून जेम्स ब्रेडवुड यांच्या हाताखाली एक दल उभारले. १८६१ च्या जूनमध्ये टूली स्ट्रीटच्या वखारींना लागलेल्या भीषण आगीत स्वतः ब्रेडवुड भिंत कोसळून मृत्यू पावले, कंपन्यांना प्रचंड भरपाई द्यावी लागली, आणि एवढा भार खासगी संस्थांनी पेलावा हे यापुढे अशक्य आहे असे त्यांनी सरकारास कळवले. त्यातून १८६५ चा कायदा झाला. आगीचे दल सार्वजनिक झाले, पण कंपन्यांची सुटका झाली नाही: विमा उतरलेल्या प्रत्येक दहा लाख पौंडांमागे ३५ पौंड त्यांनी दरसाल द्यावेत असे कायद्यातच लिहिले गेले. सार्वजनिक सेवा आणि खासगी लाभ यांच्या हिशेबाची रुजवात घालण्याचा हा एक सरळ आणि प्रामाणिक प्रयत्न होता, असे मला वाटते.

मोटारींच्या बाबतीत तसेच पाऊल उचलले ते अमेरिकेतील मिशिगन राज्याने. डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचे शहर त्याच राज्यात असूनही तेथे मोटारचोरीने कहर केला होता. १९८६ साली तेथील विधिमंडळाने मोटारचोरी प्रतिबंधक प्राधिकरण स्थापन केले आणि विमा उतरलेल्या प्रत्येक खासगी मोटारीमागे विमा कंपनीने वर्षास एक डॉलर द्यावा असे ठरवले. हा पैसा पोलिसांच्या विशेष पथकांस, सरकारी वकिलांस आणि नागरिकांच्या संस्थांस अनुदानरूपाने वाटला जाऊ लागला. आणि वाटप करणाऱ्या मंडळात पोलीस, विमा कंपन्या आणि विमा घेणारे सामान्य नागरिक या तिन्ही पक्षांचे प्रतिनिधी बसवले गेले. पुढे १९९१ मध्ये टेक्सास आणि इलिनॉय, त्यानंतर पेनसिल्व्हेनिया, मिनेसोटा आदी राज्ये याच मार्गाने गेली. मिनेसोटात सहा महिन्यांच्या विम्यामागे अर्धा डॉलर, इतकी क्षुल्लक रक्कम ठरवण्यात आली. ऑस्ट्रेलियाने १९९९ पासून राज्य सरकारे आणि विमा व्यवसाय यांच्या संयुक्त पैशावर राष्ट्रीय मोटारचोरी निवारण परिषद चालवली. ती २०२१ पर्यंत कार्यरत होती.

या सर्व ठिकाणी मोटारचोऱ्या पुढे मोठ्या प्रमाणात घटल्या. त्याचे संपूर्ण श्रेय या निधीस देणे मात्र सत्यास धरून होणार नाही. किल्लीतील सांकेतिक यंत्र ओळखल्याखेरीज इंजिन सुरूच होऊ न देणारी व्यवस्था युरोपात १९९८ पासून, ऑस्ट्रेलियात २००१ पासून आणि कॅनडात २००७ पासून नव्या मोटारींस सक्तीची झाली, आणि चोरीस खरा पायबंद तिने घातला असे या विषयाचे अभ्यासक मानतात. अमेरिकेत ती सक्ती नव्हती. तेथे दोन कोरियन कंपन्यांनी आपल्या स्वस्त मोटारींत हे यंत्र बसवले नाही, आणि २०२१-२२ च्या सुमारास तरुण पोरांनी त्याच मोटारी हेरून चोरण्याचा सपाटा लावला, तेव्हा निधी असलेल्या राज्यांतही त्या चोऱ्या थांबल्या नाहीत. म्हणजे निर्मात्याचे काम पोलिसाच्या हातून होत नाही. परंतु ज्या देशात लक्षावधी जुन्या दुचाकी एका साध्या किल्लीवर, आणि कित्येकदा किल्लीवाचूनही, सुरू होतात, तेथे निर्मात्याच्या सुधारणेचा लाभ सर्वांपर्यंत पोचण्यास एक पिढी जाईल. मधल्या काळात राखण ही माणसांनीच करायची आहे.

अमेरिकेच्या अनुभवातला सर्वांत महत्त्वाचा धडा टेक्सासने दिला आहे, आणि तो सुखद नाही. तेथे एक डॉलरचे २०११ मध्ये दोन आणि २०१९ मध्ये चार डॉलर झाले. पण त्या चार डॉलरांपैकी चोरी प्रतिबंधास ठरला तो केवळ पाचवा हिस्सा, उरलेल्यातील बहुतांश भाग अपघातग्रस्तांच्या उपचारासाठी आणि बाकीचा सर्वसाधारण तिजोरीसाठी. अपघातग्रस्तांचे उपचार हे पवित्र काम आहे यात शंका नाही. तथापि एका कारणासाठी घेतलेला पैसा दुसऱ्या कारणास वळवला की देणाऱ्याचा विश्वास उडतो, आणि विश्वास उडालेला कर हा खंडणीसारखा भासू लागतो. आपल्याकडेही उपकरांचा इतिहास याहून निराळा नाही. म्हणून असा निधी निर्माण करायचा तर त्याचे खाते स्वतंत्र, त्याचा ताळेबंद जाहीर आणि त्याचा हेतू कायद्याच्या मजकुरातच बांधलेला असला पाहिजे.

भारतात याला पूर्वाधार आहे. १९३९ च्या मोटार कायद्यात १९८२ साली दुरुस्ती होऊन, धडक देऊन पळून गेलेल्या वाहनांच्या बळींसाठी सांत्वन निधी निर्माण झाला, आणि त्याचा मोठा भार विमा कंपन्यांवर टाकण्यात आला. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६४-ब अन्वये मोटार वाहन अपघात निधीची तरतूद झाली. १ एप्रिल २०२२ पासून अशा बळींच्या वारसांस दोन लाख आणि गंभीर जखमींस पन्नास हजार रुपये देण्यात येतात. धंद्याच्या उत्पन्नातून सार्वजनिक हितासाठी वाटा घेणे आपल्या कायद्यास नवीन नाही, हे यावरून सिद्ध होते. सर्वसाधारण विम्याचे १ जानेवारी १९७३ रोजी राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर सरकारी विमा कंपन्यांनी १९७८ मध्ये मुंबईत लॉस प्रिव्हेंशन असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्वतःच्या पैशाने स्थापन केली होती. हानी घडल्यावर भरपाई देण्यापेक्षा हानीच टाळावी हा तिचा घोषित हेतू. तो विचार कारखान्यांच्या आणि गोदामांच्या आगीपुरता जसा रुजला तसा रस्त्यावरच्या चोरीपर्यंत पोचला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

अडचण आहे ती घटनेची. विमा हा विषय सातव्या परिशिष्टातील केंद्रसूचीत, पोलीस राज्यसूचीत आणि मोटार वाहने समवर्ती सूचीत. तेव्हा मुंबईच्या विधानभवनाने विमा कंपन्यांवर थेट आकारणी करण्याचे ठरवले तर ते न्यायालयात टिकणे कठीण. हा वाटा केंद्रानेच काढला पाहिजे आणि राज्यांस वाहनांच्या संख्येच्या प्रमाणात वर्ग केला पाहिजे. दुसरा आक्षेप असा घेतला जाईल की कंपन्या हा वाटा हप्त्यात मिळवून शेवटी ग्राहकाकडूनच वसूल करतील. हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. परंतु ग्राहक आजही खासगी गाडीच्या हप्त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर भरतोच, आणि त्यातील एकही रुपया त्याच्या गाडीच्या राखणीसाठी बांधलेला नाही. काही रुपये अधिक जाऊन त्याचा हिशेब त्याला दिसणार असेल, तर तो सौदा मला वाजवी वाटतो.

सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात या पैशाचे काय करता येईल? समजा, एका वाहनामागे वर्षास पन्नास रुपये आले आणि जिल्ह्यात विमा उतरलेली एक लाख वाहने धरली, तर पन्नास लाख रुपये होतात. मुंबईच्या दृष्टीने ही रक्कम नगण्य. ओरोसच्या पोलीस मुख्यालयाच्या दृष्टीने ती तशी नाही. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर आणि आंबोलीच्या घाटमाथ्यावर क्रमांक वाचणारे कॅमेरे बसवणे आणि ते पावसाळ्यातही चालू ठेवणे; गोवा, बेळगाव आणि कोल्हापूर या तिन्ही बाजूंच्या पोलिसांशी एकत्र बसणारे कायमचे लहानसे पथक; सांगाडा क्रमांक खोडून नवा ठोकला असेल तर मूळ क्रमांक उजेडात आणण्याचे रासायनिक साहित्य आणि ते वापरता येणारा माणूस; आंगणेवाडीच्या यात्रेत गाडी आत घेताना चिठ्ठी देऊन बाहेर सोडताना ती तपासणारे स्वयंसेवक; भंगाराच्या वखारींची वेळोवेळी झडती. यांतले एकही काम अद्भुत नाही. प्रत्येकासाठी माणूस, वाहन आणि इंधन लागते, आणि नेमके तेच ठाण्यांच्या वार्षिक तरतुदीत कमी पडते.

आणखी एक काम मला सर्वांत निकडीचे वाटते. जिल्ह्यातील एका ठाण्याच्या आवारात मी मुद्देमाल म्हणून ठेवलेल्या दुचाकी पाहिल्या: खाऱ्या वाऱ्याने पत्रा खाल्लेला, टाकीवर शेवाळ, चाकांतून वेल वर गेलेले. त्यांपैकी काही परत मिळालेल्या, म्हणजे पोलिसांनी कष्टाने शोधून काढलेल्या गाड्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २००२ रोजी सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की अशी वाहने ठाण्यात कुजत ठेवू नयेत, छायाचित्रे आणि पंचनामा करून ती धन्यास जामिनावर परत द्यावीत, धनी पुढे न आल्यास विमा कंपनीस कळवावे, आणि तिनेही ताबा न घेतल्यास विक्री करावी. कोकणात वर्षाकाठी तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. येथे एक पावसाळा उघड्यावर काढलेली गाडी ही गाडी राहत नाही. गाडी शोधून काढायची आणि मग ती गंजू द्यायची, याला तपास म्हणता येत नाही. प्रस्तावित निधीतून प्रत्येक तालुक्यास एक आच्छादित मुद्देमाल-आगार आणि सुपुर्दनाम्याचे कागद धन्यासाठी तयार करून देणारा एक कारकून मिळाला तरी आठ तालुक्यांतील शेकडो कुटुंबांचे हाल वाचतील.

मागणी लांबलचक नाही. कलम १६४-ब खालील निधीत चोरी प्रतिबंधासाठी एक स्वतंत्र खाते असावे, त्यात सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांनी विमा उतरलेल्या प्रत्येक वाहनामागे ठरावीक रक्कम भरावी, ती जिल्हावार वर्ग व्हावी, तिच्या वाटपाच्या मंडळात वाहनधारकांचे प्रतिनिधी असावेत, आणि दर वर्षी तिचा जमाखर्च जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लागावा. कोकणातून लोकसभेवर गेलेल्या आणि जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न सभागृहात मांडावा, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे. तोपर्यंत वाचकांनी एवढे करावे: आज घरी गेल्यावर आपल्या दुचाकीच्या विम्याचा कागद काढून त्यात चोरीचे संरक्षण आहे की केवळ तिऱ्हाइताचे, हे वाचून पाहावे, आणि ते नसेल तर पुढच्या नूतनीकरणाची वाट न पाहता घ्यावे.